उचल गावात, वेठ परगावात : पांढुर्णा-सौंसरच्या सीमेवरचा प्रश्न

महाराष्ट्राबाहेरचा मराठी मुलूख म्हटला की गोवा, बेळगाव, कारवार, बडोदा, इंदूर ही नावे चटकन ओठांवर येतात. पांढुर्णा आणि सौंसर ही नावे सहसा येत नाहीत. वास्तविक नागपूरहून इटारसीकडे निघालेली रेल्वे काटोल आणि नरखेड मागे टाकून मध्य प्रदेशात शिरते, तेव्हाही बाजारातली बोली बदलत नाही. नागपूर-छिंदवाडा मार्गावरच्या सौंसरचीही तीच गोष्ट आहे. १९५६ पूर्वी हा सारा भाग विदर्भासह एकाच राज्यात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हे दोन तालुके मध्य प्रदेशात राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे काढून त्यांचा पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला.

संत्र्यांच्या बागा, कापूस, जाम सावळीचा मारुती आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणारी गोटमार, एवढी या भागाची ओळख बाहेर पोहोचली आहे. या सीमेवरून वर्षानुवर्षे चाललेली दुसरी एक वाहतूक मात्र बातमीत क्वचितच येते. ती माणसांची आहे. सातपुड्याच्या पायथ्याची गोंड आणि इतर भूमिहीन कुटुंबे हंगाम लागताच घराला कुलूप घालून निघतात. कोणी सोयाबीन काढणीला जाते, कोणी कापूस वेचणीला, कोणी वीटभट्टीवर, तर कोणी उसाच्या फडात. यांतली बहुसंख्य माणसे कष्टाचे चार पैसे घेऊन परततात. काही परतत नाहीत, आणि काही परततात ती कर्ज आणखी वाढवून. स्थलांतर आणि वेठबिगारी यांच्यातली रेषा नेमकी कोठे ओलांडली जाते, हा या लेखाचा प्रश्न आहे. गोव्यातील वाचकालाही तो परका नाही. येथील बांधकामांवर, मासेमारीच्या ट्रॉलरांवर आणि हॉटेलांच्या मुदपाकखान्यांत राबणारे हात अशाच कोणत्या तरी दूरच्या गावातून आलेले असतात.

साखळदंड नसलेली गुलामगिरी

दरवर्षी ३० जुलैला मानवी तस्करीविरोधी जागतिक दिन आणि २ डिसेंबरला गुलामगिरी निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिन पाळला जातो. शाळांत प्रतिज्ञा होतात, स्थानकांवर फलक लागतात. त्या फलकांवर बहुधा दोरखंडाने बांधलेले मनगट किंवा अंधारात बसलेले मूल दिसते. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. त्यामुळे पाहणाऱ्याची अशी समजूत होते की जेथे दोरखंड नाही तेथे गुलामगिरीही नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि तिच्या सहयोगी संस्थांनी सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ५ कोटी माणसे आधुनिक गुलामगिरीत होती. त्यांपैकी २ कोटी ७६ लाख सक्तीच्या श्रमात आणि २ कोटी २० लाख सक्तीच्या विवाहात अडकलेली होती. भारतात या प्रश्नाचा सर्वांत जुना आणि सर्वांत पसरलेला प्रकार म्हणजे कर्जापोटीची वेठ. राज्यघटनेच्या २३व्या कलमाने मानवी व्यापार आणि वेठबिगार या दोहोंना एकाच वाक्यात बंदी घातली आहे. घटनाकारांना या दोन गोष्टी वेगळ्या वाटल्या नव्हत्या.

१९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याची व्याख्या लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. तिच्यात साखळदंडाचा, मारहाणीचा किंवा कोंडून ठेवण्याचा उल्लेख अट म्हणून येत नाही. मजुराने किंवा त्याच्या पूर्वजाने आगाऊ रक्कम घेतली असेल आणि तिच्या मोबदल्यात तो फुकट किंवा नाममात्र मजुरीवर राबत असेल, किंवा दुसरीकडे काम शोधण्याचे, मोकळेपणाने हिंडण्याचे वा आपला माल बाजारभावाने विकण्याचे स्वातंत्र्य गमावून बसला असेल, तर ती वेठबिगारी होय. देशाच्या निरनिराळ्या भागांत या पद्धतीला कोणकोणती नावे आहेत, त्यांची यादीच कायद्याने दिली आहे : बारामासिया, हाली, हरवाई, जीथा, कामिया, नित-मजूर, साग्री, वेट्टी. त्या यादीत ‘सालदार’ नाही आणि ‘उचल’ही नाही. पण यादी उदाहरणादाखल आहे, संपूर्ण नव्हे. १९८५ च्या दुरुस्तीने तर कंत्राटी मजूर आणि आंतरराज्य स्थलांतरित मजूरही अशा परिस्थितीत राबत असेल, तर तो वेठबिगारच मानला जाईल, असे स्पष्ट केले.

सर्वोच्च न्यायालय त्याही पुढे गेले. १९८२ मध्ये एशियाड प्रकल्पांवरील मजुरांच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे हीसुद्धा सक्तीच आहे, कारण भूक आणि दारिद्र्य यांचा रेटा दंडुक्याइतकाच खरा असतो. बंधुआ मुक्ती मोर्चाच्या प्रकरणात न्यायालयाने पुराव्याचे ओझेही उलटवले. मजुराकडून सक्तीने काम घेतले जात असल्याचे दिसले, तर त्यामागे आगाऊ रक्कम असावी असे गृहीत धरायचे आणि तसे नाही हे मालकाने सिद्ध करायचे. कागदावर मजुराच्या बाजूने एवढे भक्कम संरक्षण असताना व्यवहारात ते का उतरत नाही, हे समजण्यासाठी उचलीचे गणित मांडावे लागते.

उचलीचे गणित

ग्रामीण भागात आगाऊ रक्कम हा लाजेचा विषय नाही. कोणी तिला उचल म्हणतो, कोणी पेशगी, कोणी नुसते ‘ॲडव्हान्स’. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या या पट्ट्यात गुढीपाडव्याला सालदार नेमण्याची जुनी रीत आहे. वर्षाचा मोबदला ठरतो, काही रक्कम हातावर पडते आणि वर्षभर शेतीचे काम चालते. ठरलेला मोबदला मिळत असेल आणि पाडव्याला मोकळे होऊन दुसऱ्या मालकाकडे जाता येत असेल, तर तो एक करार आहे. मागील वर्षाची बाकी फिटल्याशिवाय जाता येणार नाही, असे ज्या क्षणी सांगितले जाते, त्या क्षणी करार संपतो आणि वेठ सुरू होते. काम तेच असते, मालक तोच असतो, माणूसही तोच असतो. फक्त ‘नाही’ म्हणण्याचा त्याचा हक्क गेलेला असतो.

दूरच्या कामाला जाणाऱ्यांच्या बाबतीत हेच गणित अधिक कठोर होते. समजा, एका जोडप्याने दसऱ्याच्या सुमारास मुकादमाकडून ६० हजार रुपये घेतले. आधीच्या दुखण्याचे देणे फेडले, घरावर पत्रे टाकले, पैसे संपले. हंगाम १२० दिवसांचा. दोघांची मिळून मजुरी दिवसाला ४०० रुपये धरली आणि १० दिवस ताप किंवा पावसामुळे खाडे झाले, तर ११० दिवसांचे ४४ हजार रुपये वळते होतात. बाकी राहतात १६ हजार. त्यात मुकादमाने ठरवून दिलेल्या दुकानातला १० हजारांचा किराणा आणि येण्याजाण्याचे ४ हजार मिळवले जातात. चार महिने दोघे राबल्यावर डोक्यावर ३० हजार शिल्लक. पावसाळा काढायला पुन्हा ३० हजार घ्यावे लागतात आणि पुढच्या दसऱ्याला आकडा परत ६० हजारांवर येतो. या हिशेबात व्याज धरलेले नाही आणि कोणी कोणाला फसवलेलेही नाही. प्रत्यक्षात वही मुकादमाकडे असते आणि बेरीजही तोच करतो.

या उदाहरणात माणशी मजुरी २०० रुपये येते. २०२५-२६ साठी रोजगार हमीचा दर मध्य प्रदेशात २६१ रुपये, महाराष्ट्रात ३१२ रुपये आणि गोव्यात ३७८ रुपये होता. म्हणजे सरकार खड्डे खणण्यासाठी जी मजुरी देते तीही या जोडप्याच्या पदरात पडत नाही. १९८२ चा निकष लावला तर एवढ्यावरच हा सक्तीचा श्रम ठरतो. पण जोडप्याला तसे वाटत नाही. त्याला वाटते की आपण पैसे घेतले आहेत आणि घेतलेले फेडणे हा आपला धर्म आहे. वेठबिगारीचे सर्वांत मजबूत कुलूप मालकाकडे नसते. ते मजुराच्या प्रामाणिकपणात असते. १९७६ च्या कायद्याने असे प्रत्येक कर्ज रद्द केले आहे आणि रद्द झालेल्या कर्जापोटी पैसे घेणे हाच गुन्हा ठरवला आहे. ही गोष्ट ज्याला सर्वांत आधी कळायला हवी, त्याच्यापर्यंत ती पन्नास वर्षांत पोहोचलेली नाही.

हा प्रश्न नवा आहे असेही नाही. मध्य प्रांत सरकारने १९४०च्या सुमारास नेमलेले चौकशी अधिकारी डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांचा आदिवासींविषयीचा अहवाल १९४४ मध्ये नागपुरात छापला गेला. कर्ज, वेठ आणि हातची जमीन जाणे ही तिन्ही दुखणी एकमेकांत कशी गुंतली आहेत, याची नोंद तेव्हाच झाली होती. तेव्हा सावकार गावात होता आणि वेठही गावातच होती. आता उचल गावात दिली जाते आणि वेठ शेकडो किलोमीटरवर वसूल होते. बदल झाला तो एवढाच.

दोन राज्ये, एक बोली आणि मधली फट

झारखंड किंवा ओडिशाचा मजूर कोल्हापुरात किंवा वास्कोत दिसला की तो परराज्यातला आहे हे बोलण्यावरून कळते. पांढुर्ण्याचा मजूर वरुड, काटोल किंवा सावनेरला दिसला तर तो परराज्यातला आहे, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. तो मराठी बोलतो, नात्यागोत्याने पलीकडे जोडलेला असतो आणि सीमा ओलांडताना त्याला सीमा जाणवतही नाही. कायद्याच्या लेखी मात्र त्याने राज्य बदललेले असते. त्याचे रेशनकार्ड, मतदान आणि जातीचा दाखला एका राज्यात आणि कष्ट दुसऱ्या राज्यात. मारहाण झाली तर गुन्हा तेथे नोंदवायचा, पुनर्वसन मात्र येथे मागायचे. जी एकभाषिकता एरवी बळ ठरावी, तीच सरकारी नोंदीत त्याला अदृश्य करते.

१९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित मजूर कायद्याने अशा मजुरांसाठी परवानाधारक ठेकेदार, पासबुक, प्रवासभत्ता आणि विस्थापनभत्ता यांची तरतूद केली होती. पाच वा अधिक आंतरराज्य मजूर असलेल्या आस्थापनांना तो लागू होता. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांत हा कायदा विलीन झाला. नव्या व्यवस्थेत स्वतःहून आलेला मजूरही स्थलांतरित मानला जातो, ही जमेची बाजू. मात्र लागू होण्याची मर्यादा पाचवरून दहा मजुरांवर गेली आणि विस्थापनभत्ता राहिला नाही. चार जोडप्यांची एक टोळी, विहीर खणणारे सहा जण किंवा एका बागेत संत्रा तोडणारे आठ जण यांची आता संख्येच्या हिशेबातच गणना होत नाही. वेठबिगारी तर अशा लहान टोळ्यांतच जास्त लपते.

जून २०२३ मध्ये धाराशिव जिल्ह्यात उघडकीला आलेले प्रकरण याचे ठळक उदाहरण आहे. विहिरी खणण्यासाठी आणलेल्या मजुरांना रात्री साखळ्यांनी बांधून ठेवले जात होते आणि दिवसाचे बारा ते चौदा तास काम घेतले जात होते. त्यांच्यातला एक निसटला, त्याने पोलिसांना खबर दिली आणि दोन गावांतून मिळून ११ जणांची सुटका झाली. या मजुरांना बाहेर काढणारी तपासणी, नोंदवही किंवा परवाना कोठेच नव्हता. एका माणसाचे धैर्य तेवढे होते. आदल्याच वर्षी, सप्टेंबर २०२२ मध्ये, नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात एका कातकरी मुलीच्या मृत्यूनंतर आणखी एक गोष्ट बाहेर आली. काही हजार रुपये आणि एखादी मेंढी एवढ्या मोबदल्यात लहान मुले मेंढपाळांकडे कामाला ठेवली जात होती. या दोन्ही ठिकाणी बळी गेलेली माणसे रेल्वेतून चोरून नेलेली नव्हती. आधी थोडेसे पैसे दिले गेले होते आणि मग माणूस ताब्यात आला होता.

पांढुर्णा-सौंसर हा केवळ मजूर पाठवणारा भाग नाही, हेही सांगितले पाहिजे. संत्र्याच्या बागा, कापूस, वीटभट्ट्या आणि सौंसर तालुक्यातले बोरगावचे औद्योगिक क्षेत्र यांमुळे येथे कामगार येतातही. येथील एखादा शेतकरी आपल्या गावच्या मुलाला परराज्यात झालेल्या जाचाबद्दल संतापतो आणि त्याच वेळी त्याच्या बागेतल्या टोळीचा हिशेब कोण ठेवतो हे त्याला ठाऊक नसते, असे होऊ शकते. बाग उभी विकली की तोडणी व्यापाऱ्याची आणि मजूर ठेकेदाराचे, अशी समजूत असते. दुसऱ्या राज्याकडे बोट दाखवण्याआधी प्रत्येक गावाने ही घरची बाजू तपासायला हवी.

बेपत्ता मुली आणि आकड्यांचा अर्थ

मध्य प्रदेशाच्या संदर्भात मानवी तस्करीची दुसरी बाजू म्हणजे बेपत्ता होणाऱ्या मुली. केंद्र सरकारने २०२३ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत मध्य प्रदेशातून १,६०,१८० महिला आणि १८ वर्षांखालील ३८,२३४ मुली बेपत्ता झाल्याची नोंद झाली. महिला आणि मुली यांची एकत्र बेरीज पाहता देशातील सर्वांत मोठ्या आकड्यांपैकी हा एक होता. महाराष्ट्रात याच काळात १,७८,४०० महिलांची आणि १३,०३३ मुलींची नोंद झाली.

हा आकडा वाचताना दोन चुका होतात. पहिली म्हणजे बेपत्ता झालेली प्रत्येक मुलगी विकली गेली असे समजणे. यांतल्या अनेक जणी परत सापडतात; काही स्वेच्छेने घर सोडतात, काही घरच्या जाचाला कंटाळून जातात. दुसरी चूक उलट आहे : सज्ञान आहे, पळून गेली असेल, असे म्हणून तक्रार बाजूला ठेवणे. लग्नाच्या आमिषाने दुसऱ्या राज्यात नेलेली, पैसे देऊन ‘आणलेली’ सून आणि घरकामाच्या नावाखाली नेलेली मुलगी पोलिसांच्या वहीत आधी ‘बेपत्ता’ म्हणूनच येते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशभरात मानवी तस्करीचे केवळ २,२५० गुन्हे नोंदले गेले. लाखो बेपत्ता आणि दोन-सव्वादोन हजार गुन्हे, या दोन आकड्यांमधल्या दरीत किती जणी आहेत, हे तपास झाल्याशिवाय समजणार नाही. म्हणून अल्पवयीन मूल बेपत्ता असल्याची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणूनच नोंदवली पाहिजे, हा नियम कसोशीने पाळला जाणे महत्त्वाचे ठरते.

याच ठिकाणी एक सावधगिरीही हवी. ३० मे २०२३ रोजी भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर बिहारहून येणाऱ्या गाडीतून ५९ मुलांना उतरवून घेण्यात आले आणि त्यांच्यासोबतच्या पाच जणांना तस्करीच्या संशयावरून अटक झाली. ही मुले मदरशात शिकायला निघाली होती. मार्च २०२४ मध्ये ही प्रकरणे गुन्हा आढळला नाही म्हणून बंद झाली. तोपर्यंत निरपराध माणसांनी तुरुंग भोगला होता आणि मुलांनी घरापासून दूर संस्थेत दिवस काढले होते. पांढुर्णा हे दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरचे स्थानक आहे. तेथेही असा प्रसंग येऊ शकतो. जागरूकता म्हणजे गरीब प्रवाशाकडे संशयाने पाहणे नव्हे. प्रश्न माणूस कोठे जातो हा नाही, तेथून त्याला परत येता येईल की नाही हा आहे.

सुटका झाली, पुढे काय?

१९८० च्या दशकात फरिदाबादच्या दगडखाणींतून सोडवलेले सुमारे १३५ मजूर तेव्हाच्या मध्य प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्यात परत आणले गेले. पुनर्वसनाचे आश्वासन मिळाले होते, पण महिने लोटले तरी काही घडले नाही. पत्रकार नीरजा चौधरी यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि १९८४ मध्ये ‘नीरजा चौधरी विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ हा निकाल आला. सोडवलेल्या मजुराचे पुनर्वसन केले नाही तर दारिद्र्य त्याला पुन्हा त्याच दास्यात ढकलते, म्हणून पुनर्वसनात हयगय करणे हा घटनेच्या २१व्या आणि २३व्या कलमांचा भंग आहे, असे न्यायालयाने ठरवले. हा निकाल मध्य प्रदेशाविरुद्धच लागला होता, हे त्या राज्यातल्या प्रत्येक नव्या जिल्ह्याने लक्षात ठेवावे.

आज केंद्राच्या योजनेनुसार मुक्त झालेल्या प्रौढ पुरुषाला १ लाख, महिला आणि मुलांना २ लाख, आणि तस्करी, लैंगिक शोषण यांसारख्या अतिगंभीर प्रकरणांत ३ लाख रुपयांची तरतूद आहे. २०२२ च्या सुधारणेनंतर तातडीची मदत ३० हजार रुपयांपर्यंत मिळू शकते. पण पूर्ण रक्कम आरोपीवरील दोषसिद्धीशी जोडलेली आहे आणि खटले वर्षानुवर्षे चालतात. त्याहून मोठी अडचण मुक्तीच्या दाखल्याची आहे. हा दाखला नसेल तर मजूर कागदोपत्री वेठबिगार नव्हताच, असे होते. अनेक वेळा पोलिस आणि महसूल अधिकारी मजुरांना गाडीत बसवून गावी पाठवतात आणि प्रकरण ‘मजुरीचा वाद’ म्हणून मिटवतात. अधिकाऱ्याच्या नोंदीत आपल्या हद्दीत वेठबिगारी नाही, हे कायम राहते. मजूर मात्र रिकाम्या हाताने घरी येतो आणि पुढच्या हंगामात त्याच मुकादमाच्या दारात उभा राहतो.

गोव्याला हा धडा ओळखीचा आहे. जून २००४ मध्ये वास्कोच्या बायणा येथील वस्ती जमीनदोस्त झाली. घरे पडली, पण तेथील स्त्रियांच्या पुढच्या आयुष्याची व्यवस्था झाली नाही आणि व्यवसाय बंद होण्याऐवजी विखुरला. ‘अर्ज’सारख्या स्वयंसेवी संस्थेने सुटका झालेल्या मुलींना रोजगार मिळावा म्हणून यांत्रिक धुलाई केंद्र उभारले, ते याच अनुभवातून. २००३ चा गोवा बाल कायदा देशातील अशा आरंभीच्या कायद्यांपैकी एक मानला जातो. तरीही किनाऱ्यावरच्या आणि बांधकामावरच्या मजुरांच्या उचलीचा हिशेब कोणाच्या वहीत आहे, हा प्रश्न येथेही विचारला जात नाही.

नव्या जिल्ह्याची संधी

नवा जिल्हा म्हणजे नवे कार्यालय, नवा जिल्हाधिकारी आणि नवी फाइल. जुन्या जिल्ह्याच्या मोठ्या पसाऱ्यात जी कामे मागे पडत, ती येथे आरंभीच लावून घेता येतील. कायद्याच्या १३व्या कलमानुसार जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समिती असणे बंधनकारक आहे. तिच्यात अनुसूचित जाती-जमातींचे तीन स्थानिक रहिवासी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असावेत, असे कायदाच सांगतो. वेठबिगारांच्या सर्वेक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्याला तीन वर्षांतून एकदा साडेचार लाख रुपये केंद्राकडून मिळू शकतात, आणि तातडीच्या मदतीसाठी किमान १० लाखांचा जिल्हा निधी ठेवण्याची तरतूद आहे. यासाठी कोणत्याही नव्या घोषणेची गरज नाही.

याहून महत्त्वाचे साधन ग्रामसभेच्या हाती आहे. पांढुर्णा तालुक्याचा मोठा भाग आणि सौंसर तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. मध्य प्रदेशने १५ नोव्हेंबर २०२२ रोजी पेसा कायद्याचे नियम लागू केले. गावातून कामासाठी बाहेर जाणाऱ्या मजुरांची माहिती ग्रामसभेकडे असावी, मजूर नेणाऱ्याने आधी ग्रामसभेला कळवावे, आणि गावात सावकारी करणाऱ्यावर ग्रामसभेची नजर असावी, असे या नियमांत अपेक्षित आहे. म्हणजे उचल आणि स्थलांतर या दोन्ही गोष्टी जेथे सुरू होतात, नेमकी तीच जागा कायद्याने ग्रामसभेला दाखवून दिली आहे. धाडी पडतात त्या शेवटच्या टोकाला, शेकडो किलोमीटरवर, आणि तेही कोणी निसटून खबर दिली तर. नोंद मात्र पहिल्या टोकाला, दसऱ्याच्या आधी, गावातच होऊ शकते.

ती नोंद अवघड नाही. कोण गेले, कोणासोबत, कोठे, किती दिवसांसाठी, किती उचल घेतली आणि कोणत्या दराने, एवढे सहा रकाने पुरेत. मुकादमाचा मोबाइल क्रमांक आणि परतीची अपेक्षित तारीख लिहिली की परत न आलेल्या माणसाचा शोध कोठून सुरू करायचा हे कळते. हीच नोंद सीमेपलीकडच्या तहसीलदाराकडे पाठवण्याची पद्धत पांढुर्णा, नागपूर आणि अमरावती या तीन जिल्ह्यांनी आपापसांत ठरवली, तर दोन राज्यांमधली फट बरीच बुजेल. यात उचल बंद करण्याचा आग्रह नाही. पावसाळ्यात हाताला काम आणि दुखण्याला पैसा मिळेपर्यंत उचल बंद होणार नाही आणि तसे फर्मान काढल्यास ती लपून दिली जाईल. म्हणूनच रोजगार हमीची मजुरी वेळेवर मिळणे आणि बचतगटाकडून छोटे कर्ज सहज मिळणे, ही तस्करीविरोधी कामेच आहेत, जरी त्यांच्यावर तसा फलक नसला तरी.

नागरिकांसाठी ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. मजुराचे आधार कार्ड किंवा मोबाइल मालकाने ठेवून घेतला आहे का? हिशेबाची वही त्याला दाखवली जाते का? सणाला किंवा मयतीला गावी जाता येते का? मजुरी हातात पडते की नुसती वळती होते? मुले कामावर आहेत का? यांपैकी दोन-तीन प्रश्नांची उत्तरे चुकीची आली, तर तेथे चौकशीची गरज आहे. मुलांसाठी १०९८, तातडीच्या पोलिस मदतीसाठी ११२ आणि मोफत कायदेशीर साहाय्यासाठी १५१०० हे क्रमांक देशभर चालतात. तक्रार करताना ‘मजुरीचा वाद’ न म्हणता ‘वेठबिगारी’ हा शब्द वापरावा आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करून मुक्तीचा दाखला मागावा, कारण पुढचे सारे हक्क त्या एका कागदावर अवलंबून आहेत.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये २०३० पर्यंत १ कोटी ८४ लाख वेठबिगारांची ओळख पटवून सुटका करण्याचे उद्दिष्ट मांडले होते. कायदा आल्यापासूनच्या साऱ्या वर्षांत अधिकृतपणे मुक्त झालेल्यांची संख्या तीन लाखांहून थोडीच अधिक आहे. हा वेग पाहता दिल्लीतून ठरलेली मुदत पाळली जाईल असे मानण्याला आधार नाही. पांढुर्णा-सौंसरमधल्या एखाद्या ग्रामसभेने मात्र येत्या दसऱ्याआधी आपली वही उघडली आणि होळीला परत आलेल्यांची नावे तिच्याशी ताडून पाहिली, तर निदान त्या गावापुरते कोण परतले नाही हे कळेल. शोध तेथूनच सुरू करता येईल.